दुधाची पकड

आमच्या आक्काचा दुधावर जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरही नसेल. ताप आला, दूध. परीक्षा आली, दूध. कुणी नोकरीच्या मुलाखतीला निघालं की दूध-साखर, आणि नोकरी नाही मिळाली की घरी आल्यावर पुन्हा दूध, हळद घालून. मला तिनेच लहानाचं मोठं केलं, त्यामुळे ह्या विषयावर मी अधिकाराने बोलतो. तिचा मुलगा बाळा, म्हणजे माझा भाचा, ह्याच दुधावर वाढला आणि घाटकोपरच्या भटवाडीत कबड्डीचा नावाजलेला खेळाडू झाला. पकड त्याची खास. चढाईला आलेल्याच्या घोट्यावर एकदा त्याचा पंजा बसला की तो माणूस मध्यरेषेकडे नुसता बघत राहायचा.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. त्या वर्षी बाळाला एका बँकेच्या संघाकडून बोलावणं येणार अशी कुणकुण होती. संघात आला की नोकरी पक्की. भावोजींची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच होती, तेव्हा सगळ्या घराचे डोळे बाळाकडे लागलेले. त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून आक्काने त्याला रोज पहाटे जवळच्या एका तबेल्यात पाठवायला सुरुवात केली. म्हशीची धार काढली की ते कोमट, फेसाळ दूध तो तिथेच उभ्या उभ्या प्यायचा. ह्याला धारोष्ण म्हणतात, आणि ते तापवायचं नसतं. तापवलं की त्यातला जीव जातो, असं आक्काचं म्हणणं. त्यात जीव होता हे खरंच. फक्त तो बाळाला हवा तो नव्हता.

काही आठवड्यांनी त्याला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, घामाने चादर भिजायची, सकाळी माणूस बरा. थोडे दिवस काहीच नाही, की पुन्हा तेच. मलेरिया समजून त्याला कडू गोळ्या झाल्या, त्यांनी काही झालं नाही. वजन उतरलं, आणि मग कंबर दुखायला लागली. आमचे डॉक्टर तिरोडकर हुशार माणूस. त्यांनी त्याला एकच विचारलं, कच्चं दूध पितोस का रे. रक्त तपासायला पाठवलं आणि उत्तर आलं: ब्रुसेला. गुरांचा जंतू, न तापवलेल्या दुधातून माणसात येतो. येऊन आपल्याच पेशींच्या आत लपून बसतो आणि हाडं त्याला फार आवडतात. डॉक्टरांनी भावोजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हा मणक्यात उतरला तर कबड्डी सोडाच, मुलगा वाकून बादली उचलू शकणार नाही.

उपाय दुहेरी होता. रोज एक इंजेक्शन, आणि दिवसातून चार वेळा टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल. इंजेक्शनं आधी संपणार, कॅप्सूल त्यानंतरही चालू राहणार. हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद मला झाला, कारण टेट्रासायक्लीन माझ्या रोजच्या ओळखीचं. मी मुलुंडला एका औषध कंपनीत आहे. पाकिटावर छापलेली ताकद कॅप्सूलमध्ये खरोखर आहे का, हे जंतूंवर तपासून बघायचं, हे माझं काम. भटवाडीत मला मार्तंडमामा गोळीवाला म्हणतात. मी त्याच्याकडे दुर्लक्ष करतो.

बाळाला धीर यावा म्हणून मी त्याला सगळं समजावलं. जंतूच्या आत प्रथिनं तयार करणारी बारीक यंत्रं असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. एकेक तुकडा घेऊन एकेक वाहक रेणू येतो, यंत्रातल्या खाचेत बसतो, तुकडा जोडून निघून जातो, मग पुढचा येतो. टेट्रासायक्लीन नेमकं त्या खाचेपाशी जाऊन बसतं. वाहकाला टेकायला जागाच राहत नाही. प्रथिनं नाहीत म्हणजे जंतूला वाढ नाही, एकाचे दोन होणं नाही. आपल्या शरीरातल्या यंत्रांची घडण वेगळी, म्हणून आपलं काम चालू राहतं. जंतू लगेच मरतो असं नाही, तो अडकून पडतो, आणि अडकलेल्याला आपल्या रक्तातल्या पेशी उचलतात. मात्र औषध रक्तात सतत पाहिजे. बाळा म्हणाला, म्हणजे पकड औषधाची, बाद करायचं काम आपलं. मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी ते माझंच म्हणून सांगितलं.

इंजेक्शनं चालू झाली आणि ताप गेला. पोरगं भरपूर जेवायला लागलं. आक्काने सगळ्या आळीला शिरा वाटला. इंजेक्शनं संपली, कॅप्सूल चालू होत्या, आणि आठवड्याच्या आत एका संध्याकाळी बाळा पांघरूण घेऊन कुडकुडत बसला. कंबर पहिल्यापेक्षा जास्त दुखत होती. तिरोडकर गंभीर झाले. म्हणाले, ह्या जंतूवर हे औषध चालत नसावं, मोठ्या इस्पितळात दाखवू. मी भेटायला गेलो तर बाळा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मामा, माझी पाठ गेली ना?" त्याने न वळताच विचारलं.

मी त्याला झापलं. म्हातारीसारखं बोलू नकोस म्हणालो, आणि जिना उतरताना मला रडू आलं.

मला पहिला संशय कॅप्सूलवर आला. त्याच्याच पाकिटातल्या दोन नेऊन मी तपासल्या. उत्तम होत्या. मग जंतूच चिवट निघाला म्हणायचं का? पण तेही माझ्या मनाला पटेना. इंजेक्शन होतं तोवर ताप नव्हता, नुसत्या कॅप्सूल राहिल्या तसा आला. इंजेक्शन सरळ मांसातून रक्तात जातं. कॅप्सूलला आधी पोटातून जावं लागतं. म्हणजे जी काही गडबड आहे ती तोंडापासून रक्तापर्यंतच्या वाटेत आहे. एवढं डोक्यात आलं आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारच्या कॅप्सूलच्या वेळी आक्काच्या दारात हजर झालो.

आक्का आतून आली. एका हातात कॅप्सूल, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला दुधाचा पेला, वर सायीचा जाड थर.

मी विचारलं, हे कधीपासून. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. ह्या गोळ्या भारी उष्ण, नुसत्या पाण्याबरोबर दिल्या तर पोराच्या अंगात उष्णता भडकेल. दूध उकळून देते आता, तीन उकळ्या काढून, जंतूबिंतू काही ठेवत नाही. मी म्हटलं, पण डॉक्टरांनी पाण्याबरोबर सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, ते ज्यांच्याकडे दूध नसेल त्यांच्यासाठी.

आता हिला काय सांगावं? टेट्रासायक्लीनच्या रेणूच्या एका कडेला ऑक्सिजनचे अणू असे शेजारी शेजारी आहेत की धातूचा अणू दिसला की ते त्याला धरणारच. जंतूच्या रायबोसोमवर बसतानाही ते मॅग्नेशियमच्या मदतीनेच बसतं. तोच त्याचा गुण आणि तीच त्याची खोड. दुधात कॅल्शियम भरपूर. पोटात दोघांची गाठ पडली की टेट्रासायक्लीन कॅल्शियमला असं धरतं की ती जोडी आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाऊच शकत नाही. जशी आली तशी बाहेर. महिनाभर आम्ही एक चांगला खेळाडू चढाईला पाठवत होतो, आणि तो मध्यरेषा ओलांडायच्या आधीच आपल्याच माणसाच्या हाती सापडत होता.

तिरोडकरांनी कपाळाला हात लावला. इस्पितळाचं राहू दे म्हणाले, सगळं पहिल्यापासून सुरू करू. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा कॅप्सूल, आणि दूध बंद. आक्का मान हलवून हो म्हणाली. एका शब्दाने वाद घातला नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण मी खुशीत होतो.

दुसरा फेरा सुरू झाला, ताप उतरला. एका रविवारी मी सहज गेलो तर बाळा कॅप्सूल गिळत होता आणि वरून पेल्यातलं काहीतरी पांढरं गटागटा पीत होता. ताक. जिरं-हिंग लावलेलं.

माझा पारा चढला. मी आक्काला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारची सोनूबाई दाराशी येऊन उभी राहिली, एवढा माझा आवाज. आक्का शांतपणे म्हणाली, "दूध बंद म्हणालास, बंद केलं. ताक म्हणजे काय दूध?"

तिचं खोटं नव्हतं. आमच्या घरात दूध वेगळं, दही वेगळं, ताक वेगळं. सर्दीला दूध चालतं, ताक चालत नाही. उपास, बाळंतीण, तापकरी, प्रत्येकाला काय चालतं त्याचे नियम वेगळे. दुधातलं कॅल्शियम ताकातही उतरतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तिची अडचणही खरी होती. नुसत्या पाण्याबरोबर कॅप्सूल दिली की बाळाच्या पोटात आग पडायची आणि अर्ध्या वेळा ती उलटून पडायची. उलटलेली कॅप्सूल काय कामाची? काहीतरी थंड द्यायलाच हवं, ती म्हणाली, तू सांग काय देऊ.

मी म्हटलं, बघून सांगतो. प्रयोगशाळेत तपासतो.

"माझ्यासमोर तपास," आक्का म्हणाली. "माझ्या घरचं दूध घे, माझं ताक घे. तुझ्या कंपनीतलं नको."

आमचे साहेब भले. बहिणीला आणू का विचारलं तर म्हणाले, आण, तिला पांढरा कोट दे आणि कशाला हात लावू देऊ नकोस. आक्का इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत झाकणाचे डबे घेऊन आली. दूध, ताक, कोकमाचं सरबत, तांदळाची पेज. फाटकावरचा पहारेकरी आमच्याच मालवणाकडचा, कुडाळचा निघाला, त्याच्याशी तिचं एवढं रंगलं की मला तिला ओढून आत न्यावं लागलं.

आमची पद्धत साधी आहे. काचेच्या चपट्या बशीत खिरीसारखा घट्ट थर ओततात, त्यात एक निरुपद्रवी जंतू मिसळलेला असतो. थर गोठला की त्यात बारीक भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात तपासायचं पाणी भरायचं. बशी रात्रभर उबदार पेटीत ठेवली की जंतू वाढून थर गढूळ होतो. औषध जिथवर पोचतं तिथवर तो वाढू शकत नाही, आणि भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं. जेवढं औषध मोकळं, तेवढं वर्तुळ मोठं. मी एका भोकात औषध पाण्यात घालून भरलं, दुसऱ्यात दुधात, मग ताकात, कोकमात, पेजेत. शेजारच्या बशीत हेच सगळं औषधाशिवाय, म्हणजे मागाहून घोळ नको. आक्का स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होती. मी शाळेतला अभ्यास करताना ती अशीच बसायची.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याही आधी येऊन फाटकाशी उभी होती. मी बशी उजेडात धरली. पाण्याचं वर्तुळ जुन्या बंद्या रुपयाएवढं, स्वच्छ. पेजेचं तेवढंच. कोकमाचं थोडं जास्तच. पण नुसत्या कोकमाभोवतीही नखाएवढी रेघ होती, ती आंबटपणाची, ती वजा केली तरी बरोबरी होती. ताकाचं वर्तुळ जेमतेम. दुधाच्या भोकाला गढूळ थर अगदी लगटून आला होता.

आक्काने बशी हातात मागितली. मी नियम मोडून दिली. ती बराच वेळ दुधाच्या भोकाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की कोकम थंड, म्हणजे त्याच्याबरोबर द्यायला हरकत नाही ना. मी म्हटलं, बिनधास्त दे. दूध प्यायचं तर कॅप्सूलनंतर तीन तासांनी पिऊ दे, तेव्हा त्याचं काही बिघडत नाही. तिने बशी परत दिली, पदराने तोंड पुसलं आणि गेली. डबे तिथेच विसरली.

त्या दिवसापासून बाळाची प्रत्येक कॅप्सूल कोकमाच्या सरबताबरोबर पोटात गेली आणि पोटातच राहिली. मध्ये भूक लागली तर पेज. तरी खरी परीक्षा पुढेच होती. इंजेक्शनं चालू असेपर्यंत काहीच कळणार नव्हतं. ती संपली आणि आम्ही सगळे वाट बघायला लागलो. संध्याकाळ झाली की भावोजी उगाच बाहेर जाऊन आत यायचे. आक्का मागच्या मागे बाळाच्या मानेला हात लावून बघायची, तो वैतागायचा. मी कामावरून परस्पर तिकडेच जायचो. पहिला आठवडा गेला. मागच्या वेळी ज्या सुमारास ताप उलटला होता तो सुमार गेला. ताप आला नाही. पुढच्या आठवड्यात बाळाने पाण्याची बादली उचलून मोरीत नेली आणि आम्ही तिघे जण जत्रेतला खेळ बघावा तसे बघत राहिलो. मला इतका आनंद झाला की मी भावोजींच्या पाया पडलो, त्यांना का ते कळलं नाही.

कॅप्सूल संपल्या. रक्त पुन्हा तपासलं, तिरोडकरांचं समाधान झालं. बँकेने त्या वर्षी दुसऱ्याला घेतलं होतं, पण पुढच्या मोसमात ये म्हणाले, आणि बाळा मैदानात उतरून हळूहळू पळायला लागला.

घरात सगळे खूश, एक आक्का सोडून. ती दुधाच्या पातेल्याला हात लावत नव्हती. दूध भावोजी तापवायचे आणि रोज उतू घालवायचे. तिचा स्वतःचा चहाही कोरा. मला वाटलं माझ्यावर रागावली आहे, ताकाच्या दिवशी मी बोललो त्याचा. मी दोनदा माफी मागितली. ती म्हणाली, वेडा आहेस काय, तुझ्यावर कसला राग.

मग एका दुपारी ती एकटीच माझ्या मुलुंडच्या खोलीवर आली. पाणी दिलं ते प्यायली नाही. मुंबईत तीस वर्षं काढून आक्का आता शहरासारखंच बोलते, गावची बोली तिच्या तोंडी फक्त मन हललं की येते.

"मार्तंडा, माका एक सांग. खरा सांग हां," ती म्हणाली. "आयेक मी औषद दुधातसूनच दिलंय."

आयेक म्हणजे आईला. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आक्का चौदा. गावी, बावन्न साली, टायफॉइडने. आईचं सगळं आक्काच करत होती. मालवणच्या डॉक्टरने मोठ्या खटपटीने नवीन औषधाच्या कॅप्सूल मिळवल्या होत्या. आईला त्या गिळवत नसत, उलटून पडत. म्हणून आक्का कॅप्सूल फोडून आतली पूड दुधात घालायची, वर साखर, आणि चमच्याचमच्याने पाजायची. आई वाचली नाही. माझ्या प्रयोगशाळेत ती बशी हातात घेऊन आक्का बाळाचं औषध बघतच नव्हती.

त्या काळी टायफॉइडला एक खास औषध होतं, पण टेट्रासायक्लीनच्या घराण्यातलं पहिलं औषधही तेव्हा नुकतंच आलेलं. डॉक्टरने काय मिळवलं असेल कोण जाणे. ते टेट्रासायक्लीनच्या घराण्यातलं असेल तर मी काय बोलणार होतो? आक्काशी मला कधीच खोटं बोलता आलेलं नाही, तिला चेहऱ्यावरून कळतं.

"पूड कसल्या रंगाची होती?" मी विचारलं. "पिवळी?"

"पांढरी," ती म्हणाली. "सफेत. आणि कडूजहर. बोट चाटून बघितलं होतं मी, दिवसभर तोंड कडू होतं."

मी आधी तिचा हात धरला, मग बोललो. टेट्रासायक्लीनचं सगळं घराणं पिवळं, आक्का. तुझी पूड पांढरी आणि कडू, म्हणजे ते क्लोरॅम्फेनिकॉल, टायफॉइडचंच औषध. तेही जंतूच्या त्याच यंत्राला धरतं, पण यंत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला, आणि धरायला त्याला कुठल्या धातूची मदत लागत नाही. त्याच्या अंगाला ती खोडच नाही. दुधात घाला, ताकात घाला, ते कॅल्शियमकडे ढुंकूनही बघत नाही. आईच्या पोटात जेवढं राहिलं तेवढं तिच्या रक्तात पोचलं. आपल्या हाती ते यायलाच उशीर झाला होता, तिचं आतडं आधीच फाटलं होतं, हे बाबा मला शेवटपर्यंत सांगायचे.

"तुझ्या दुधाने काही बिघडवलं नाही," मी म्हणालो. "दूध नसतं तर तेवढंही तिच्या पोटात राहिलं नसतं."

आक्काच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं, ते तिने पुसलंही नाही.

"परत सांग," ती म्हणाली. "हळू सांग. त्या यंत्रापासून सांग."

मी रायबोसोमपासून पुन्हा सुरुवात केली.